उन्हातल्या बेरींचं कोडं

"मावशीचं संशोधन उद्या बंद!" ठमीने कुंपणावरूनच शेजारच्या चष्मिसला सांगितलं.

ठमी सुट्टीला मावशीकडे आली होती, पण मावशी दिवसभर टेकडीवर बेरी तोडत, नाहीतर प्रयोगशाळेत. ठमी एकटीच जेवायची, एकटीच पत्ते खेळायची आणि एकटीच जिंकायची. शी! त्यात कसली मजा?

मावशीचं म्हणणं होतं, उन्हात वाढलेल्या रानबेरीत अँटिऑक्सिडंट, म्हणजे शरीराची झीज रोखणारी द्रव्यं, सावलीतल्या बेरीपेक्षा जास्त असतात. तपासणीत निघालं नेमकं उलटं! म्हणून तिचे साहेब संशोधनच बंद करणार होते.

"आता मावशी मोकळी. आठ दिवस फक्त ती आणि मी!"

"मग एरंडेल प्यायल्यासारखं तोंड का?"

"काल ती रडली गं."

"मधेच काहीतरी घोळ झालाय. चल, बघू या!"

प्रयोगशाळेच्या गच्चीवर मदतनीस काका बेरी वाळत घालत होते. 'उन्हातली' अशी चिठ्ठी लावलेला ट्रे रणरणत्या उन्हात, 'सावलीतली' छपराखाली.

"काका, हा ट्रे उन्हात का हो?" चष्मिसने साळसूदपणे विचारलं.

"चिठ्ठी वाचता येत नाही? उन्हातली उन्हात वाळवायची, सावलीतली सावलीत!"

"अहो काका, उन्हातली म्हणजे उन्हात वाढलेली! वाळवायची दोन्ही सावलीतच. उन्हाने ती द्रव्यं जातात ना!"

"हात्तिच्या! महिनाभर मी हेच करतोय की!" काकांनी कपाळावर हात मारला.

ठमी मात्र जिन्यातच थांबली. सांगितलं तर मावशी पुन्हा टेकडीवर आणि आपण पुन्हा पत्त्यांशी. नाही सांगितलं तर आठ दिवस आपले! तिला एकदम फार एकटं वाटलं. मग काल रडणारी मावशी आठवली, आणि डोळे पुसून ती धावतच मावशीच्या खोलीत शिरली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"शाबास, पोरींनो!" तिथेच बसलेले मावशीचे साहेब म्हणाले. "आम्ही पदव्या घेऊन बसलो आणि चूक पकडली तुम्ही! संशोधन चालूच राहील."

मावशीने दोघींना जवळ ओढलं. "सगळी बेरी पुन्हा तोडायला हवी. उद्या पहाटेच निघते!"

ठमीने मान हलवली, पण डोळे भरून आलेच.

"अगं, आता काय झालं?"

"मला तुझ्याबरोबर राहायचं होतं."

मावशीने ठमीचं नाक पुसलं.

"चुकलंच माझं. 'निघते' नाही, 'निघू' म्हणायला हवं होतं. पाचला उठवीन हं, कुरकुर चालणार नाही!"