शिल्लक: एक

आमच्या बातम्यांच्या वेबसाइटवर फोटो चढवायचा म्हणजे पूर्वी संपादकांच्या नाकी नऊ यायचे. एकेक फोटो मोबाइलसाठी, कॉम्प्युटरसाठी, जाहिरातीशेजारच्या चौकोनासाठी असा निरनिराळ्या मापांत कापला जाई आणि तोवर स्क्रीन ढिम्म. वैतागून ते बटण दोनदोनदा दाबायचे आणि माझ्या नावाने शंख करायचे. म्हणून मी ही सगळी रेंगाळणारी कामं पडद्यामागे ढकलली. बटण दाबलं की स्क्रीन लगेच मोकळी. मागे सर्व्हर आपला सावकाश फोटो उरकत बसतो. शेवटचा फोटो झाला की पान आपोआप वाचकांसमोर येतं. सगळे खूश झाले. बटण दोनदा दाबायची खोड मात्र कुणाची गेली नाही.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, इथला सगळ्यात जुना फोटोग्राफर. त्याची एक रीत होती. तो माणसाला पाठमोरं टिपायचा, एकेक फोटो घेत जवळ सरकत. माणसाने वळून बघितलं की तो शेवटचा फोटो; मग लेन्सवर झाकण. मंत्री असो की भाजीवाला, त्यानंतर कितीही गयावया करा, दादा हलायचा नाही.

त्या आठवड्यात तो हॉस्पिटलात बेशुद्ध होता. पुलाच्या कामाचे फोटो घेताना बांबूच्या परांचीवरून पडला होता. खोलीत एकालाच बसू देत, तिथे वहिनी होती. मी जीव मुठीत धरून ऑफिसात.

दुपारी संपादक माझ्या टेबलापाशी आले. चेहरा पांढराफटक.

"एक घोळ झालाय. रागावू नकोस."

"काय झालं, सर?"

"त्याच्यावरचा लेख... तसा प्रसंग आलाच तर हाताशी असावा म्हणून लिहून ठेवत होतो. फोटोंसकट. जपून ठेवायला बटण दाबलं आणि सवयीने पुन्हा दाबलं."

माझी स्क्रीन चटकन बदलते ना! दुसऱ्यांदा बोट पडलं तेव्हा त्याच जागी 'प्रसिद्ध करा' आलं होतं. माझ्या जिवंत भावाचा मृत्युलेख वाटेला लागला होता.

त्यांना काय बोलू आणि काय नको असं झालं. पण पडद्यामागचं काम थांबवता येतं. मी थांबवलं.

तेवढ्यात वहिनीचा फोन. "अगं, यांचा श्वास थांबलाय! डॉक्टर, अहो डॉक्टर!"

का ते ठाऊक नाही, पण मी काम पुन्हा सुरू केलं.

"आला," वहिनी रडत म्हणाली. "आला गं श्वास."

योगायोग म्हटलं की मी तो तपासून बघते. सगळं आयुष्य यंत्रांचे बिघाड शोधण्यात गेलंय. मी काम क्षणभर पुन्हा थांबवलं. फोनमधून वहिनीची किंकाळी आली आणि मी सुरू करण्याचं बटण दाबलं. ती किंकाळी अजून कानांत आहे. तिसऱ्यांदा तपासायची माझी छाती झाली नाही.

सरांनी लेखातला मजकूर पुसून बघितला. उपयोग नव्हता, आधीची प्रत सर्व्हरकडे कधीच गेली होती. काम थांबवायचं नाही आणि संपूही द्यायचं नाही. मग उरलं काय? मी त्याच लेखाच्या फोटोंमध्ये दादाने काढलेले आणखी फोटो ओतायला लागले.

"हे काय करतेयस?"

"संपता कामा नयेत, सर. काहीही करा, पण फोटो आणा."

त्यांनी वाद घातला नाही. कपाटातून जुन्या डिस्क काढून दिल्या आणि आणखी शोधायला खाली गेले. पूर, मोर्चे, फुटबॉलचे सामने, लोकांची लग्नं, सगळं घातलं. शेवटी माझ्या फोनमध्ये होता तो दादाच्या पहिल्यावहिल्या कॅमेऱ्यातला फोटोही घातला: तळ्याकाठी पाठमोरी बसलेली मी, दोन वेण्यांची.

आता माझ्याकडे काही उरलं नव्हतं. स्क्रीनवर दिसलं: 'शिल्लक: एक.' मी देवाला नाही, सर्व्हरला हात जोडले. हळू चाल रे बाबा. आज तरी हळू चाल.

तो फोटो झाला. पान गेलं नाही.

'शिल्लक: एक.'

हा मी घातला नव्हता. उघडून बघितला.

एक खोली. खिडकीजवळ टेबल. टेबलाशी एक पाठमोरी बाई, निळा स्वेटर, उजव्या खांद्यावर उसवलेला. तो सकाळी दाराच्या कडीत अडकून उसवला होता. चौकट किंचित डावीकडे कललेली, दादाची कलते तशीच.

मग दुसरा आला. थोडा जवळून.

मग तिसरा. त्यात केसांतली पिन स्पष्ट दिसत होती.

माझ्या मागे काहीच वाजलं नाही.

फोनवर वहिनीचा आवाज हलका झाला होता. "श्वास छान चाललाय गं. ओठ हलतायत."

"काय म्हणतोय?"

तिने कान लावला असावा. "तुला हाक मारतायत. दमलोय म्हणतायत. म्हणतायत, अगं, बघ ना इकडे."

मलाही त्याला बघायचं होतं. किती बघायचं होतं ते कुणाला सांगू!

मी मान हलवली नाही. अजून हलवलेली नाही. डोळ्यांतलं पाणीही पुसत नाही.

'शिल्लक: एक.'

या फोटोत माझ्या मानेवरचे केस उडालेले दिसतात. खिडकी बंद आहे.