दुपट्याची घाई

"अहो, हे काय करताय?" म्हणत सिस्टरनं त्याचं मनगट धरलं. ही त्यांची पहिली भेट. प्रेमाच्या गोष्टी कुठे सुरू होतील काही नेम नाही. ही नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात सुरू झाली, आणि तीही बोलणी खाण्यानं.

त्याची बाजूही सरळ होती. बाळ त्याच्या ताईचं, तो सख्खा मामा. भाच्याला हात लावून पाहिला, तर अंग गारेगार. जन्म बेकरीच्या भट्टीपुढे काढलेला माणूस तो, त्याला राहवतंय थोडंच? सिस्टर शेजारच्या बाळाकडे वळल्याबरोबर त्यानं ताईनं दिलेलं पिवळं दुपटं मायेनं पांघरलं होतं. थोड्याच वेळात मशीन ओरडायला लागलं.

सिस्टरनं दुपटं झटकन काढलं; पाठ आपणच फिरवली, हे तिला टोचत होतं. मग तिनं त्याला बाजूला नेऊन समजावलं. जन्मताना बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला होता. इजा आणखी वाढू नये म्हणून त्याला मुद्दाम गार पाण्याच्या गादीवर ठेवलंय, आणि श्वासाच्या नळीतून झेनॉन नावाचा वायू देतायत, तोही मेंदू जपायलाच. थंडाव्याचा गुण येतो हे ठाऊक होतं. वायूची त्यात किती भर पडते, ते डॉक्टर अजून तपासत होते. तीन दिवस मात्र ऊब द्यायची नाही.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे मी... त्याचं वाईट केलं?"

तिनं मशीनवर बाळाच्या तापमानाचा आकडा पाहिला. जरासा चढून पुन्हा उतरला होता. "नाही," ती म्हणाली. "पण परत दुपटं दिसलं, तर त्या गादीवर तुम्हालाच झोपवीन."

त्या दिवसापासून तो आला की हात पाठीमागे बांधून उभा राहायचा, शाळेत शिक्षा झाल्यासारखा. अंगाला ताज्या पावाचा वास. बाळाकडे बघायचा, मग आकड्याकडे, मग... सिस्टरकडे. तिचं लक्ष नसायचं म्हणे. मग दारात पाऊल वाजलं की ही केस का सारखे करायची, ते तिलाच विचारा.

"गादीपाशी काम करून हात गारठतात ना तुमचे?" एकदा त्यानं विचारलं.

"गारठतात की."

"आमचे उलटे..." एवढंच बोलून तो कानापर्यंत लाल झाला.

वायू देणं थांबलं, तीन दिवस सरले, आणि बाळाला ऊब द्यायची वेळ आली. तीसुद्धा कणाकणानं, एकदम दिली तर झटके यायची भीती. बाळ काही हलेना. ड्युटी संपली तरी सिस्टरचा पाय निघेना. मामा काचेपलीकडे उभा, आणि दोघंही एकमेकांना धीर देण्याइतके धीराचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी नळी निघाली. बाळानं तोंड वाकडं केलं, आणि घोगऱ्या आवाजात असा काही टाहो फोडला की सिस्टरचा जीव भांड्यात पडला. मेंदूचा फोटोही चांगला आला. वाढताना लक्ष ठेवू, पण आज निश्चिंत झोपा, असं डॉक्टर म्हणाले. ताईनं पदराआड घेतलं तर पठ्ठ्या चुरूचुरू दूध ओढायला लागला. मामा भिंतीकडे तोंड करून रडला.

सिस्टरनं आपल्या कपाटातून पिवळं दुपटं आणलं, धुऊन, घडी घालून ठेवलेलं. "आता पांघरा," ती म्हणाली. त्यानं इतक्या जपून पांघरलं, की ताईला हसू आवरेना.

बाहेर आल्यावर तो घुटमळला. "घरी गेलं बाळ, की मला इथं यायला कारण उरणार नाही."

"मग?"

"मग... तुमच्यासाठीच आलो तर चालेल?"

तिनं हात पुढे केला. त्यानं तो आपल्या दोन्ही तळव्यांत घेतला. बाई गं, केवढी ऊब ती. तिचे डोळे भरून आले.

"हळू हं," ती म्हणाली. "एकदम ऊब द्यायची नसते."

त्यानं शहाण्यासारखी मान हलवली. हात मात्र सोडला नाही.