नेपानगरची पार्टी

मी शाळेत गणित शिकवते. भुताखेतांच्या गोष्टींना मी आजवर नाक मुरडत आले. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण जे झालं ते झालं आहे. माझ्या कानांनी ऐकलं आहे आणि त्यात तिखटमीठ घातलेलं नाही.

आणि हे रात्री घडलं नाही.

गेल्या वर्षीचा मे महिना. वेळ भर दुपारी तीनची. जागा बुऱ्हाणपूर, शनवारा चौकापासून दहा मिनिटांवरची एक नवी कॉलनी.

तेव्हा आम्ही सिंधीपुऱ्यात भाड्याने राहत होतो. मी आणि माझे यजमान नंदकुमार. एकाच घरात अकरा वर्षं. मग मालकाने ते घर विकलं आणि पंधरा जूनपर्यंत खाली करा म्हणून सांगितलं. आम्ही ठरवलं, आता भाड्याचं नको. स्वतःचं घ्यायचं. थोडी बचत होती, बँकेचं कर्ज मंजूर होतं.

इथपर्यंत सगळं सोपं होतं.

घरं बघायला निघालो आणि माणसं काय असतात ते कळलं. चार घरं हातची गेली. एकाने रात्री हो म्हणून सकाळी दुसऱ्याला दिलं. एका बाईने आम्हाला चहा पाजता पाजता, आमच्यासमोरच, फोनवर दुसऱ्याकडून भाव वाढवून घेतला. एका घरी तर आम्ही आठ गिऱ्हाइकं एकाच वेळी संडास बघायला रांगेत उभी होतो. कोणी कोणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं. मला स्वतःची शिसारी आली.

पण मी रांग सोडली नाही.

पाचवं घर भाईदासने दाखवलं. भाईदास म्हणजे दलाल. गालात सतत गुटखा, करंगळीचं नख वाढवलेलं, आणि बोलताना तो त्याच नखाने दात कोरायचा. घराचा मालक इंदूरला. नुसतं पैसे गुंतवायला घेतलेलं घर, एक दिवसही कोणी राहिलेलं नाही. किल्ली भाईदासकडेच असायची.

त्याने कुलूप काढलं. आम्ही आत गेलो.

आणि वास आला...

करपलेल्या दुधाचा. जुनाट, आंबूस, घशात बसणारा.

मी स्वयंपाकघरात गेले. गॅस नाही, भांडं नाही, नळाला पाणी नाही. आणि ओट्यावर दुधाचा ओघळ.

ओला.

"मांजर येत असन," भाईदास म्हणाला. त्याने खिशातला रुमाल काढून ओघळ पुसला आणि तोच रुमाल घडी करून परत खिशात ठेवला.

मांजर दूध सांडत नाही, पितं, असं मी म्हणणार होते. पण त्याने तोंड उघडू दिलं नाही.

"मॅडम, विचार कराचा तर आजच करा. नेपानगरची पार्टी तयार बसेल आहे. नवरा-बायको, रिटायर आदमी. त्यायले घर एकदम पसंद. तुमचं नाही जमलं तर उद्या डन."

त्या दिवसापासून नेपानगरची पार्टी आमच्या मानगुटीवर बसली. आम्ही एक आकडा सांगितला की संध्याकाळी भाईदासचा फोन, पार्टी लाखाने वर गेली. आम्ही वाढवलं की पार्टीनेही वाढवलं. असं तीन वेळा. मी त्या दोघांना कधी पाहिलं नव्हतं, पण जेवताना, झोपताना त्यांना शिव्या घालत होते. मरत का नाहीत एकदाचे, असंही एकदा म्हणाले.

हो, म्हणाले मी.

दुसऱ्यांदा घर बघायला गेलो तेव्हा उंबऱ्याबाहेर दोन जोड चपला होत्या. एक बायकी, एक पुरुषी. दाराला बाहेरून कुलूप.

"कोण आहे आत?" नंदकुमारांनी विचारलं.

भाईदास चपलांकडे बघतच राहिला. मग कुलूप काढलं. आत कोणी नव्हतं. वास मात्र होता. आणि ओट्यावर पुन्हा तो पांढरा ओघळ...

पाच मिनिटांत बाहेर आलो. उंबऱ्यापाशी फक्त आमच्याच चपला होत्या.

कोणीही शहाणं माणूस तिथून निघून गेलं असतं. मी काय केलं? मला राग आला. मला वाटलं, त्या नेपानगरच्या बाईने डाव साधला. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवतात ना, तेच हिने रजिस्ट्रीच्या आधी येऊन केलं. घरावर हक्क सांगून गेली. भाईदासने पैसे खाऊन तिला किल्ली दिली असणार.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्यापेक्षा वरचा आकडा सांगून बयाना दिला. आणि मी भाईदासकडून किल्ली मागून घेतली.

"अगं, रजिस्ट्री तर होऊ दे," नंदकुमार म्हणाले.

"कागद होतील तेव्हा होतील. तिने दूध ठेवलंय, मी काय बघत बसू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो. सोबत छोटा गॅस, नवं पातेलं, लिटरभर दूध, हळदकुंकू. ओटा घासून पुसला. दूध चढवलं. तेवढ्यात बँकेचा फोन आला म्हणून नंदकुमार बाहेर गेले.

मी दुधाकडे बघत उभी राहिले.

दूध तापलं. बुडबुडे आले. पण वर येईना. आच मोठी केली.

वर येईना...

आणि शेजारच्या खोलीत पावलं वाजली.

सावकाश. मोजून टाकलेली. घर बघायला आलेला माणूस खोली मोजतो तशी. दहा... अकरा... बारा...

मग बाईचा आवाज. थकलेला, पण खुशीतला.

"इथं आपला पलंग बसेल ना हो?"

"बसेल."

पावलं भिंतीपर्यंत जाऊन परत आली.

"मग भाव वाढवा ना हो. नाहीतर दुसरं कोणी घेऊन जाईल."

मला भीती वाटली नाही, खरं सांगते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही बयाना दिलेला, आणि हा नालायक भाईदास अजून त्यांना घर दाखवतोय! मी तरातरा खोलीच्या दारात गेले.

"लाज नाही वाटत..."

खोली रिकामी होती.

फरशीवर बोटभर धूळ. त्या धुळीत एकही ताजं पाऊल नव्हतं.

मी मागे वळले. गॅस विझलेला होता आणि पातेल्यातलं दूध काळं पडलं होतं. आटून, करपून, तळाला चिकटलेलं. मला तिथून हलून दोन मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

मी ओरडले असेन. कारण नंदकुमारांच्या आधी शेजारच्या विमलमावशी धावत आल्या. त्यांनी पातेलं पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"तू पण दूध ठेवलं का बाई? बिना रजिस्ट्रीचं?"

मग त्यांनी सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी हे घर नेपानगरच्या एका जोडप्याने ठरवलं होतं. नवऱ्याचं नाव शालिग्राम, बायकोचं ज्योत्स्ना. बयाना दिला होता. जन्मभर तिथल्या कागद कंपनीच्या क्वार्टरमध्ये काढलेली माणसं, पहिलं स्वतःचं घर. तिला दम निघेना म्हणून रजिस्ट्रीच्या आधल्या दिवशीच दूध घेऊन आली.

"दूध गॅसवर होतं, तवाच भाईदासचा फोन आला. इंदूरवाल्यानं जास्त देले, तुमचा बयाना वापस घेऊन जा म्हणे. ती बिचारी तशीच उठून गेली. गॅस बंद कराचं पण भान नाही रायलं. मीच येऊन बंद केला. धूर धूर झाला होता इथं."

"मग?"

"स्कूटरवर गेले ना दोघं रडत रडत. नेपानगरच्या रोडावर ट्रकनं..." मावशींनी हात झटकला. "दोघं पण जागेवरच."

मी भाईदासला तिथेच बोलावून घेतलं. म्हटलं, तू ज्या पार्टीचं नाव घेऊन आमचा भाव वाढवलास, ती मेलेली आहे. माहीत आहे ना तुला?

मला वाटलं, तो पाया पडेल. निदान खाली बघेल.

"माहीत हाय ना," तो म्हणाला. "पण पार्टी तर सांगाच लागते मॅडम, धंदा हाय. नवीन नाव कायले शोधाचं? हे नाव चालते." त्याने बाहेर जाऊन पिंक टाकली आणि परत आला. "दुधाचं मात्र मले काही समजत नाही. आई कसम, मी कधी ठेवलं नाही. त्यायचं नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी ओट्यावर असते."

इतका घाणेरडा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, असं मला वाटलं.

मग मी जे बोलले ते ऐका.

मी म्हटलं, "घर झपाटलेलं आहे हे मी गावभर सांगेन. सांगायचं नसेल तर भाव कमी करा."

नंदकुमार माझ्याकडे बघत राहिले. विमलमावशी आपल्या घरी निघून गेल्या. भाईदास मात्र हसला, ओळखीचं माणूस भेटल्यासारखा. त्याने इंदूरला फोन लावला.

चार लाख कमी झाले.

पंधरा जून तोंडावर होता हो. जाणार कुठे होतो आम्ही? हे मी स्वतःला खूप वेळा सांगून पाहिलं आहे.

आता रजिस्ट्री आमच्या नावावर आहे. आम्हाला इथे राहायला येऊन दहा महिने झाले. पूजा झाली, वास्तुशांत झाली. वास जात नाही. नंदकुमारांना तो येत नाही, त्यांना आवाजही येत नाहीत. ते चारचौघांत सांगतात, बायकोने घर स्वस्तात पदरात पाडलं.

शाळा सुटली की मी पावणेतीनला घरी येते. त्या वेळी मी एकटीच असते. तीन वाजले की पावलं सुरू होतात. आमचा पलंग आहे त्या खोलीत. ते खोली मोजतात आणि मी माझ्याच घरात भिंतीला टेकून, ते निघून जायची वाट बघत उभी राहते.

गेल्या सोमवारी पावलं बाराव्यावर थांबली.

मी ओट्यापाशी होते. मागे कोणीतरी येऊन उभं राहिलं. मी वळले नाही. वळवेना...

आवाजात राग नव्हता. भाजीचा भाव विचारावा तसं तिने विचारलं.

"बाई, आमच्या नावावर किती कमी करून घेतले तुम्ही?"

खोटं बोलायची हिंमत झाली नाही.

"चार लाख," मी म्हटलं.

मग आतल्या खोलीत जाऊन तिने हलक्या आवाजात त्याला तो आकडा सांगितला.