डाळिंबाला जामीन

शहरनाजने त्याची बाहीच धरली. भर गल्लीत अनोळखी तरुणाची बाही धरायची, ही काही शिराजमधल्या मुलींची रीत नव्हे; पण अंगणात बाबा कुऱ्हाड घेऊन ताटकळले होते आणि गल्लीत दुसरं चिटपाखरू नव्हतं.

"अहो, जरा आत या ना... झाडासाठी रदबदली करायचीय."

त्याच्या दोन्ही काखांत रोपं होती. "कोणतं झाड?"

"डाळिंब. सहा वर्षांत एक फळ नाही. बाबा त्याला तोडायची धमकी देणार, तुम्ही मध्ये पडायचं; मग घाबरून ते फळतं म्हणतात. झाड घरच्यांचं ऐकत नाही."

"आणि माझं ऐकेल?"

"बघू या!"

हा हूमन. कोपऱ्यावरच्या रोपवाटिकेत नुकताच आलेला. अंगणात त्याने रोपं खाली ठेवली, डाळिंबाच्या निष्पर्ण फांद्यांकडे बघितलं, एका फांदीवर राहिलेलं वाळकं फूल बोटांत धरलं आणि कसंनुसं हसला.

"तोडतोच याला!" बाबा गरजले.

"नका हो तोडू, आगा. मी जामीन राहतो. पुढच्या हंगामात फळेल."

"नाही फळलं तर?"

"तर... मला बोलवा."

बाबा खूश! जामीनदाराने झाडाची देखभाल करायची, असं त्यांनीच ठरवून टाकलं. मग काय, दर गुरुवारी हूमन हजर. कधी शेणखत, कधी कात्री, कधी नुसताच. खडीसाखर तोंडात धरून चहा प्यायचा आणि बोलायचं म्हणजे फक्त मुळं, माती, पाणी.

"आज पानं छान दिसतायत," तो म्हणायचा. आणि बघायचा मात्र शहरनाजकडे. की तिच्यामागच्या कुंडीकडे? देव जाणे! तिच्या डोक्याचा नुसता भुगा झाला होता. एकदा तिने मुद्दाम नवा हिरवा रुमाल बांधला. तो म्हणाला, "झाडाला ऊन कमी पडतंय."

मेल्या, तुला डोळे आहेत का!

त्यातच तबरीझहून मावशीचा फोन. "आमच्या बेहरूजला किती दिवस ताटकळत ठेवणार? शुक्रवारी लग्नाला हो की नाही ते सांग."

बेहरूज चांगला होता. वाईट म्हणावं असं त्याच्यात काहीच नव्हतं. पण नाही म्हणायचं तर कुणाच्या भरवशावर? गुरुवारी येऊन शेणखताबद्दल बोलणाऱ्याच्या?

एव्हाना डाळिंब लालभडक फुललं होतं. बाबा रोज सकाळी चष्मा लावून एकेका फुलाखाली फळ शोधायचे, आणि पाकळ्या गळल्या की हिरमुसून आत यायचे. त्यांचा तो चेहरा शहरनाजला बघवेना. शुक्रवारी सकाळी तिने एक फूल खुडलं आणि बाजारातल्या फुलवालीला दाखवलं. ती खो खो हसली. "अगं, हे शोभेचं डाळिंब! इतक्या गच्च पाकळ्या कधी फळाच्या झाडाला असतात? जन्मात फळायचं नाही हे. रोपवाटिकेतलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

शहरनाज तडक रोपवाटिकेत गेली आणि फूल हूमनसमोर धरलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

त्याने हातातली झारी खाली ठेवली. "हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून... ते वाळकं फूल बघितलं ना, तेव्हाच."

"मग जामीन कशाला राहिलात?"

"तुमच्या बाबांच्या हातात कुऱ्हाड होती."

"हूमन!"

"आणि... तुम्ही माझी बाही धरली होती." त्याचे कान लाल झाले. "म्हटलं, फळलंच नाही तर मला येत राहता येईल. यंदा, पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या... मला तुम्ही आवडता, शहरनाज. झाडाबद्दल बोलायला लागलो की जीभ चालते, तुमच्याबद्दल बोलायचं म्हटलं की—"

तिला हसू आलं, रडूही आलं आणि दोन्हींपेक्षा जास्त राग आला. "माझे बाबा रोज फुलांखाली वाकून बघतात! त्यांना फसवलंत तुम्ही. चला, आत्ताच्या आत्ता त्यांना सांगा."

"ते मला हाकलतील."

"हाकलू देत. तरीही सांगा."

तो आला. झारी तशीच टाकून, मातीच्या हातांनी आला. अंगणात बाबांसमोर उभा राहिला आणि त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात घरात फोन वाजला. मावशी!

"काय गं, ठरलं का?"

शहरनाज खिडकीपाशी गेली. "मावशी, नाही. बेहरूजला माझ्यामुळे थांबवू नकोस. रागावू नकोस गं."

"अगंबाई! दुसरं कुणी आहे का?"

बाहेर बाबांचा आवाज चढला होता. "सहा वर्षं! सहा वर्षं कंबर मोडून बघतोय मी!" हूमन मान खाली घालून ऐकत होता. पाय मात्र मागे घेत नव्हता.

"बहुतेक आहे, मावशी," शहरनाज म्हणाली. "आत्ता बाबांची बोलणी खातोय. पण पळून गेला नाहीये."