वळणपटाचा विसावा

नियंत्रण कक्षातला मोठा पडदा पुन्हा काळा झाला, आणि हेमांगी टिल्लूने सवयीप्रमाणे पडद्याकडे न बघता आधी माणसाकडे बघितलं. कक्षातल्या यंत्रांची देखभाल करणारा दिगंबर सुतार दोन्ही हात मांडीवर ठेवून बसला होता.

"मी काय बी केलं न्हाई, मॅडम."

"मी काही म्हटलं का?"

"म्हणायला कशाला पायजे? डोळं बोलत्यात की तुमचं."

हेमांगीचा स्वभावच संशयी. घराला कुलूप लावलं की ती ते ओढून बघे, जिना उतरे आणि पुन्हा वर येऊन ओढे. संगमपूरच्या पूरभिंतीची प्रमुख म्हणून हा स्वभाव तिच्या कामाला येत असे. नदी चढू लागली की काठावर जमिनीत दडलेली पोलादी भिंत वर येई आणि खालची आळी कोरडी राही. भिंत किती वर घ्यायची, कधी घ्यायची, भोंगा कधी वाजवायचा, सगळं एका संगणकाच्या हाती. आणि तो संगणक खंडेनवमीपासून सारखा क्रॅश होत होता. पावसाळा तोंडावर आला होता. ऐन पुरात पडदा असा काळा झाला, तर खालच्या आळीत छातीभर पाणी शिरणार होतं.

तिने वीजपुरवठ्याचा डबा बदलला. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, शेवटी नव्या घातल्या. पंखे बदलले, प्रणाली पुसून नव्याने चढवली. प्रत्येक वेळी चार दिवस बरे जात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. उरला तो मदरबोर्ड. तो बदलणं मात्र सोपं नव्हतं. म्हणून तिने तो घडवणाऱ्या डॉक्टर खासनीसांनाच पुण्याहून बोलावून घेतलं. ते तिचे एकेकाळचे प्राध्यापक.

"सर, माझा संशय सुतारांवर आहे," ती दिगंबरच्या देखतच म्हणाली. "खंडेनवमीला यांनी संगणक बंद केला, त्याचं कपाट उघडलं, मदरबोर्डाला हळदीकुंकू वाहिलं, वर झेंडू. कुंकवाची पूड आत गेली असणार. की आणखी काही केलं, देव जाणे. यांच्याकडची कपाटाची किल्ली मी काढून घेतली आहे."

"हत्याराची पूजा करायची न्हाई व्हय?" दिगंबरचा आवाज चढला. "पाना, पकड, समद्यांची केली. हेनंच काय घोडं मारलंय? आन् माझं घर हाय खालच्या आळीत. म्हातारी आई हाय घरात. मी कशापायी बिघडवीन ह्येला?"

हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण संशयाला एकदा पाय फुटले की ते शहाणपणाचं ऐकत नाहीत.

खासनीसांनी भिंगातून मदरबोर्डाचा पट इंचाइंचाने तपासला. झेंडूची एक वाळकी पाकळी चिमट्याने बाहेर काढली. कुंकवाचा कण कुठे नव्हता.

"बिघाड नाही," ते म्हणाले. "हेमांगी, याला मी वळणपट का म्हणतो? साध्या मदरबोर्डावर वाटा कोरलेल्या असतात, त्या बदलत नाहीत. इथल्या वाटा वापराने घडतात. ज्या वाटेने प्रवाह गेल्यावर पट कमी तापतो ती वाट रुंद होते, जिथे जास्त तापतो ती बुजते. याला नदी कळत नाही, पूर कळत नाही. कळतो तो फक्त ताप. एवढ्याच भांडवलावर तो दहा पावसाळ्यांत तुमची नदी शिकला. म्हणून तर बदलणं जिवावर येतं. नवा पट कोरा असेल."

"मग क्रॅश कशाने होतो?"

"तो क्रॅश झाल्यावर तुम्ही काय करता?"

उत्तर दिगंबरने दिलं. "बंद करतो, पुसून घेतो, पंख्याखाली दिवसभर ठिवतो. बिचारा दमत आसंल म्हणून."

खासनीस हसले. "आणि एरवी? उन्हाळ्यातसुद्धा तुम्ही त्याच्याकडून खोट्या पुरांचा सराव करून घेता. तो कायम तापलेलाच. थंड असणं म्हणजे काय, हेच त्याला माहीत नव्हतं. खंडेनवमीला पहिल्यांदा दिवसभर विसावा मिळाला. मग कधीतरी खरोखरच क्रॅश झाला, पुन्हा विसावा. क्रॅशकडे नेणारी वाट रुंद झाली. रडलं की खाऊ मिळतो हे पोराला कळायला कितीसा वेळ लागतो?"

हेमांगीला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. तिने पर्समधून किल्ली काढली आणि दिगंबरपुढे धरली.

"चुकले मी, सुतार."

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला, पण किल्ली घेताना त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

पट बदलायचा नाही असं ठरलं. क्रॅश झाला की त्याला ताबडतोब कामाला जुंपायचं, खाऊ बंद. पण विसावा अजिबातच नको का? दिगंबरचा चेहरा बघून हेमांगीनेच तोड काढली. "नदी शांत असेल तेव्हा सराव थांबवू. थंड होऊ दे त्याला. पाणी चढलं की काम."

"हे न्यायाचं झालं," खासनीस म्हणाले, आणि सोबत आणलेला कोरा पट अडीअडचणीला ठेवून दुपारच्या गाडीने परत गेले.

उपाय लागू पडला. दोन-तीन वेळा पडदा काळा झाला, मग तेही थांबलं. आषाढ संपेपर्यंत एकही क्रॅश नाही. भिंत दोनदा कमरेइतकी वर आली, पाणी उतरल्यावर खाली गेली. श्रावणात तर पडद्यावर सगळं हिरवंगार, नदी शांत. हेमांगीला रात्रीची झोप लागू लागली. कुलूपही ती एकदाच ओढून बघू लागली.

त्या सकाळी तिची नेहमीची वाट खणलेली होती, म्हणून रिक्षावाल्याने रिक्षा घाटावरून घेतली. घाटाच्या पायऱ्यांवर दगडी नंदी आहे. गावातले लोक पाणी त्याच्यावरून मोजतात; गुडघ्यांना पाणी लागलं की भिंत वर हवीच. हेमांगीने सहज तिकडे पाहिलं आणि रिक्षा थांबवायला लावली.

नंदीचे गुडघे पाण्यात होते.

तरी घाटावर कुठे गडबड नव्हती. खालच्या आळीच्या तोंडाशी बायका भाजी निवडत बसल्या होत्या.

"पाणी केवढं चढलंय! कुणी कळवलं नाही?" तिने विचारलं.

"चढंना का," एक म्हातारी म्हणाली. "भोंगा कुठं वाजलाय? भिंत हाय की आमची."

हेमांगी कक्षात पोचली तेव्हा दिगंबर चहा ओतत होता. पडदा हिरवा होता. नदी शांत. पाणी नंदीच्या चौथऱ्याच्या बरंच खाली.

"ऱ्येकॉर्ड हाय, मॅडम. येक बी क्रॅश न्हाई."

"सुतार, नंदीचे गुडघे बुडालेत."

कप त्याच्या हातातून सुटला. "मग ह्यो शांत कशी दावतोय?"

उत्तर तिला माहीत होतं. नदीतल्या मापकांचे आकडे पडद्यावर येतात ते वळणपटातूनच. नदी शांत असली की विसावा, हा नियम तिने स्वतः घातला होता. आणि नदी शांत आहे हे सांगणारा तोच. आकडा थोडा उतरवून दिला की ताप कमी, ती वाट रुंद. उद्या आणखी थोडा. लबाडी नव्हती त्यात, लबाडी करायला मन लागतं. खाऊची जागा तिने बदलली, त्याने रडणं सोडलं आणि बरं असल्याचं सांगायला सुरुवात केली. दिगंबरवर घेतलेल्या संशयाची लाज वाटून तिने ज्याच्यावर डोळे झाकून विश्वास टाकला, तो हा.

तिने खासनीसांना फोन लावला. दोन वाक्यांत त्यांच्या लक्षात आलं.

"मी ठेवून गेलेला नवा पट आहे तुमच्याकडे," ते म्हणाले. "पण कोरा आहे, हेमांगी. त्याला तुमची नदी माहीत नाही."

"माहीत नसू दे, सर. आला तो आकडा जसाच्या तसा दाखवेल ना? बाकीचं आम्ही बघतो."

दिगंबर तोवर कक्षाच्या कोपऱ्यातल्या, हाताने भिंत उचलायच्या चाकाशी पोचला होता. ते चाक वर्षानुवर्षं कुणी फिरवलं नव्हतं. तो अंगातला सगळा जोर लावून करकरत ते फिरवत होता, आणि मध्येच कोपराने भोंग्याची कळ दाबत होता. बाहेर भोंगा कोकलू लागला. खालच्या आळीतून हाका ऐकू आल्या.

"आईला वरच्या शाळेत न्यायला सांगा कुणाला तरी!" तो ओरडला.

"सांगितलंय. मी आले ती रिक्षा तिकडेच पाठवली आहे."

हेमांगीने संगणकाचं कपाट उघडलं. सावकाश स्क्रू काढायला वेळ नव्हता, पण हात घालण्याआधी तिने जुन्या सवयीने तळवा अलगद पटावर टेकवला. नदी धोक्याच्या रेषेवर असताना हा पट चटका बसेल इतका तापलेला असायला हवा होता.

तो थंडगार होता.

तिने वीज तोडली आणि पट उपसून काढला.