तिसरा सिलिंडर

'मुलींचे छंद' या विषयावर बाईंनी निबंध लिहायला सांगितला, तेव्हा वर्गातल्या झाडून सगळ्या जणींनी भरतकाम आणि फुलझाडं लिहिली. बर्नडेटने 'इंजिनाचा ठोका का चुकतो' यावर पानंच्या पानं भरली. बाईंनी तिला उभं केलं. "हे कुणी सांगितलं गं तुला?"

"सांगितलं नाही बाई. मी केलंय."

वर्ग खो खो हसला. बर्नीही हसली. तिला पंधरावं लागलं होतं, आणि आपल्याला काय काय येतं हे तिचं तिलाच नुकतं कळायला लागलं होतं.

चौक गावात तेव्हा एकच मोटार होती, ती तिच्या वडिलांची, गॅब्रियलची. निळी, चार सिलिंडरची, छपराला ठिगळ लावलेली. भाईंदर स्टेशनातून नवरानवरीला आणायचं, अडलेल्या बाईला दवाखान्यात न्यायचं, असली कामं ती करायची. गॅब्रियलला गाडी चालवता यायची, पण तिचं दुखणंखुपणं कळायचं ते बर्नीच्या थोरल्या भावाला, ज्युलियसला. तो गाडीखाली पाठीवर निजायचा आणि बर्नी वर स्टिअरिंगशी बसायची. इंजिनाच्या आवाजात हाक ऐकू येत नसे, म्हणून तो खालून पान्याने पत्र्यावर ठोकायचा. एक ठोका म्हणजे रेस वाढव. दोन म्हणजे कमी कर. तीन म्हणजे बंद कर. त्यातला तिसरा नेहमी जरा उशिरा पडायचा, कारण मध्ये तो नाक खाजवायचा.

लढाई लागली आणि ज्युलियस मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत नोकरीला गेला. जाताना पाना बर्नीच्या हातात देऊन म्हणाला, "पुढच्या नाताळला येतो. स्टेशनात गाडी घेऊन ये. धक्का मारायला लावलंस ना, तर तिथूनच परत जाईन, सांगून ठेवतो!"

तो नाताळ आता तोंडावर आला होता, आणि गाडी ठोका चुकत होती.

शनिवारी शाळा नव्हती. अंगणात काठ्यांवर बोंबील वाळत होते, वारा खाडीकडून होता, आत आई नाताळच्या नेवऱ्या तळत होती. बर्नीने हँडल मारलं. इंजिन लागलं, पण लंगडत. चालतंय, अडखळतंय, परत चालतंय. लाकडी मुठीचा पेचकस घेऊन तिने एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहिली. पहिला तोडला, इंजिन मरगळलं. दुसरा, तेच. चौथा, तेच. तिसरा तोडला तर काहीच फरक नाही. म्हणजे हाच कामचुकार.

"सापडला चोर!" ती ओरडली.

"मग पकड आणि बस गप," आत्ताच न्हाऊन आलेला गॅब्रियल म्हणाला.

तिने तो प्लग काढला. ओला होता. पेट्रोलने ओला असतो कधीकधी, त्यात काय. पण वास पेट्रोलचा नव्हता. तिने नाकाशी धरला, मग जिभेला लावला.

खारट.

"पपा, रेडिएटरमध्ये पाणी कुठलं घातलंत?"

"आपल्या विहिरीचं. का गो?"

विहिरीचं पाणी गोड होतं. गॅस्केट फुटून तेच पाणी आत येत असेल तर रेडिएटर रिकामा व्हायला हवा. तिने झाकण काढलं. काठोकाठ भरलेला. तिने प्लग चुलीशी शेकला, घासला, परत बसवला. इंजिन नीट चाललं आणि लगेच पुन्हा लंगडलं. प्लग काढला. पुन्हा ओला. या खेपेला त्याच्या टोकावरून पाण्याचा थेंब पडला, आणि अंगणात बोंबलांच्या वासावर वरचढ होईल असा उघड्या समुद्राचा वास आला. खाडीचा नव्हे. दूरच्या पाण्याचा.

बर्नीला हसू येईना.

ज्युलियसने इंजिन ऐकायला एक तुटक्या वल्ह्याचा दांडा ठेवला होता. एक टोक लोखंडावर टेकायचं, दुसरं कानाला लावायचं, की आतलं सगळं ऐकू येतं. तिने इंजिन चालू केलं आणि दांडा तिसऱ्या सिलिंडरवर टेकवला.

आत पाणी हिंदकळत होतं. बंद खोलीत हिंदकळावं तसं.

मग ठक् ठक्... ठक्.

झडपेचं टॅपेट सैल झालंय, ती स्वतःलाच म्हणाली. पण टॅपेटचा आवाज रेसबरोबर वाढतो. तिने हाताने तार ओढून रेस वाढवली. ठोके होते त्याच गतीने पडत राहिले. दोन लगोलग. तिसरा जरा उशिरा.

तीन म्हणजे बंद कर.

तिचा हात दारातून आत किल्लीकडे गेला. सवयच होती ती. तो सांगायचा आणि ही करायची.

आणि नेमकं त्याच क्षणी इंजिन सुधारलं. चारही सिलिंडर एका लयीत, लोण्यासारखे. इतकी सुरेख ही गाडी ज्युलियसच्या हाताखालीही कधी चालली नव्हती.

बर्नीचा हात थांबला. किल्ली फिरवली तर काय बंद होईल, हे तिला कुणी सांगितलं नाही. तिला ते कळलं.

"नाही," ती परत येऊन दांड्याला तोंड लावून म्हणाली. "नाही करणार मी."

ठक् ठक्... ठक्.

"बर्नी, बंद कर गो!" गॅब्रियल ओरडला. "पेट्रोल काय झाडाला लागतंय? कुपनावर मिळतंय ते! पोराला आणायला काय बैल जुंपू?"

तिने दांडा त्याच्या हातात दिला. त्याने तो कानाला लावला. पुष्कळ वेळ लावून ठेवला. त्याला ठोक्यांची भाषा ठाऊक नव्हती, पण पाना धरलेला हात त्याने ओळखला.

"ज्युल्या?" तो म्हणाला.

बर्नीने होकारार्थी मान हलवली.

गॅब्रियल घरात गेला. स्टेशनच्या खेपेसाठी खाटेखाली जपून ठेवलेला पेट्रोलचा डबा त्याने आणला आणि सगळाच्या सगळा टाकीत ओतला. आई झारा हातात घेऊन दारात उभी राहिली.

दुपार झाली. ठोके येत होते. कधी जोरात, कधी खरवडल्यासारखे, पण तेच, विनवणी केल्यासारखे. बर्नी दांडा सोडत नव्हती. "थोडं थांब रे," ती म्हणत होती. "आणखी थोडं."

मग पेट्रोल संपलं. इंजिनाने दोन उचक्या दिल्या आणि थांबलं.

गार लोखंडावर दांडा टेकायचा धीर तिला झाला नाही. तिने बॉनेट लावलं. त्यानंतर गाडीला कुणी हात लावला नाही.

नाताळ गेला. ज्युलियस आला नाही. तार आली.

मग एके दिवशी शेजारच्या मुर्धा गावचा शिवदास आला. तो त्याच जहाजावर होता. त्याने चहा बशीत ओतला.

"नाताळच्या अगोदरचा शनवार," तो म्हणाला. "जहाज उलटं झालं, बूड वर. आमी होडीत. ज्युलियस इंजिनखोलीतच रायला. आतून पत्र्यावर पान्यानं ठोकत व्हता. आमी वरनं ठोकायचो. पन लोखंड कापनार कशानं?" त्याने बशी खाली ठेवली. "आत हवा किती असंल, काका? सगले बोलले, घटकाभर. पन सकाल गेली, दुपार झाली, त्यो ठोकतच. मानसाचं काम न्हाय ते. आमी कान झाकले, खरं सांगतो. मी देवाला बोललो, सोडव रं याला."

"कसं ठोकत होता?" बर्नीने विचारलं.

शिवदासने बोटाने पाटावर वाजवलं. दोन लगोलग. तिसरा जरा उशिरा.

"मंग जहाज तलाला गेलं. पानी गप झालं." तो दाराकडे बघत होता. "तरी खालून येतच व्हतं गो. आमी वल्ही मारत दूर गेलो, तरी होडीच्या लाकडातून येतच व्हतं. काय मागत व्हता, तेच कलत न्हाय."

गॅब्रियलने बर्नीकडे पाहिलं. ती उठून अंगणात गेली.

मोटारीवर धूळ बसली होती. तिने दार उघडून आत वाकून पाहिलं. इंजिन त्या दिवशी आपसूक थांबलं होतं. ते कुणी बंद केलं नव्हतं. किल्ली अजून चालूवरच होती.

बर्नीने ती फिरवली.

टक्.

बोंबलांवरच्या माशा तेवढ्या गुणगुणत होत्या. मग मागच्या धुराच्या नळीतून थेंब पडला. आणखी एक. मग बारीक धार लागली. टाकी कोरडी होती, तरी धार थांबेना. पाणी मातीतून वाट काढत तिच्या अनवाणी पायांपर्यंत आलं.

कित्येक दिवसांचं गार इंजिन होतं ते. पाणी मात्र कोमट होतं.