एका सुरापुरती थरथर

दाराआडून पियानो ऐकू आला आणि ती जिन्यातच थबकली. वाजवणाऱ्याचा हात सुरेख होता, पण पियानो... पियानो साफ उतरलेला होता. एखाददुसरा सूर नव्हे, झाडून सगळे.

तिचा कान उपजतच असा नेमका, की पेल्यावर चमचा आपटला तरी तो कोणता सूर हे तिला कळायचं, आणि त्यापायी तिला जगात सुख म्हणून नव्हतं. त्यात वडील पियानो लावून देण्याचं काम करायचे. पियानोच्या तारा ताणायची त्यांची किल्ली ती अजून व्हायोलिनच्या पेटीत बाळगायची. बाहेर पाऊस रिपरिपत होता, वाद्यवृंदाच्या तालमीला अवकाश होता, आणि पियानोवाला चहासाठी खाली जाताना तिला पाठमोरा दिसला. बिचाऱ्यावर उपकार करावेत असं तिच्या मनात आलं.

खाली त्याला कोणीतरी गप्पांत अडकवलं असावं. मधले सूर चढवून होईस्तोवर तो आलाच नाही. मग टणकन एक तार तुटली, आणि नेमका तेव्हाच तो आला.

हातात कप धरून तो दारात उभा राहिला. आधी तारेकडे पाहिलं, मग किल्लीकडे, मग तिच्याकडे.

“हा उतरला होता,” ती म्हणाली. “मी... लावून देत होते.”

“उतरला नव्हता. मी उतरवला होता.”

“मुद्दाम?”

“हा दोनशे वर्षांपूर्वीच्या घडणीचा पियानो आहे. तेव्हा सगळं जरा खालच्या पट्टीत वाजवायचे. आताच्या पट्टीत चढवला तर तारांना ताण सोसत नाही.” त्याने कप खिडकीत ठेवला. “ते तुम्हाला कळलंच म्हणा.”

तिच्या तोंडचं पाणी पळालं. तो चिडला असता तर तिनेही दोन शब्द सुनावले असते. पण तो खाली बसला, तारेचं वेटोळं उचललं, आणि त्याला हसू आवरेना.

“व्हायोलिन वाजवता ना? माझ्या जोडीदाराचा हात प्लास्टरमध्ये आहे आणि कार्यक्रम तोंडावर आलाय. शिक्षा म्हणून माझ्याबरोबर वाजवा.”

“ही शिक्षा झाली?”

“एक तालीम होऊ द्या. मग विचारा.”

खरोखरच शिक्षा होती ती. त्याने तिच्या व्हायोलिनवरच्या पोलादी तारा काढायला लावल्या आणि जुन्या काळासारख्या मेंढीच्या आतड्याच्या चढवल्या. दमट हवेत त्या घटकाभरही सुरात राहायच्या नाहीत. खालच्या पट्टीमुळे कागदावर एक सूर दिसायचा, कानात भलताच वाजायचा. मग चालही जुनी: त्याचा डावा हात घड्याळासारखा चालायचा आणि उजवा मागून सावकाश यायचा, जणू वाटेत कोणी भेटलंय. तिने त्याचं नाव जुनाटराव ठेवलं. दोन तालमींतच तुम्हीचं तू झालं आणि तोंडावरही ती त्याला तेच म्हणू लागली.

“जुनाटराव, दोन्ही हात एकदम पडू देत की.”

“कशाला? डाव्याने यायचं, वाट बघायची. उजव्याने जरा भाव खायचा. तेव्हा असंच वाजवायचे.”

“आणि डाव्याने किती दिवस वाट बघायची?”

त्याने वहीचं पान उलटलं. कान मात्र लाल झाले. ते पाहून तिला दिवसभर उगाचच हसू येत राहिलं.

ती आत्याकडे राहायची. आत्या दातांची डॉक्टर. घरात कोणीही बोलायला लागलं की ती आधी दात बघायची आणि मग बोलणं ऐकायची. तिने एकदा त्याला जेवायला बोलावलं. तो जुन्या संगीतावर भरभरून बोलला: मैफलीत लोक मध्येच टाळ्या कशा द्यायचे, आवडलेला भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवायला कसे लावायचे, आणि दुसऱ्यांदा वाजवताना वाजवणारा तोच भाग वेगळा कसा नटवायचा. तो गेल्यावर आत्या म्हणाली, “ठकू, दात चांगले आहेत. पण कामाचं बोलायला तोंड उघडत नाही गं हा.”

“कामाचं म्हणजे?”

“आता तूच सांग.”

काय सांगणार? तो गावोगाव पियानो गाडीत घालून फिरायचा. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो निघणार होता. ती त्याच्यावर प्रेम करत होती, हे तिला, आत्याला आणि बहुधा दवाखान्यातल्या पेशंटांनाही ठाऊक होतं. त्याच्या मनात काय आहे तेवढं कोणालाच माहीत नव्हतं.

शेवटच्या तालमीला मधला संथ भाग चालला होता. तो मध्येच थांबला.

“पुन्हा थरथरवलास.”

“बोट आपोआप हलतं. लहानपणापासून हेच शिकवलंय, सूर थरथरला नाही तर मेल्यासारखा वाटतो.”

“सगळेच थरथरले तर कळणार कसं, कुठला मनापासून?” तो पियानोवर नजर ठेवून बोलत होता. “त्या काळी थरथर दागिन्यासारखी जपून वापरायचे. या भागात तुला एकच देतो. कुठला, ते तू ठरव.”

“कसं ठरवू?”

“जिथे काही सांगितल्यावाचून राहवणार नाही... तिथे.”

“आणि तुझं काय? तुझा कुठला?”

“पियानोचा सूर थरथरवता येत नाही,” तो हळूच म्हणाला. “एकदा वाजला की हातातून सुटला.”

कार्यक्रमाच्या संध्याकाळी पाऊस होता तरी दालन भरलं. आत्या पुढच्याच रांगेत बसली. पहिला भाग झाला तेव्हा लोक सवयीप्रमाणे चिडीचूप होते. मग संथ भाग सुरू झाला. ती सरळ, साधे, न हलणारे सूर लावत गेली. आपल्याच व्हायोलिनचा एवढा उघडा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. आता काही लपवायला कुठे जागाच नव्हती.

शेवटाजवळ एक लांब, उंच सूर होता. त्याचा डावा हात आला आणि वाट बघत थांबला. तिने सूर लावला, मान वळवून सरळ त्याच्याकडे पाहिलं, आणि बोट हलू दिलं. 

त्याने पाहिलं. समजला. इतका समजला की पुढची जागा त्याच्या हातून सुटली आणि उरलेल्या दोन ओळी तिने जवळजवळ एकटीनेच पार केल्या.

दालनात शांतता होती. तिला गाल तापल्याचं जाणवलं. आता तिसरा भाग सुरू होणार, संपणार, आणि उद्या गाडी निघणार. तेवढ्यात पुढच्या रांगेतून एकट्या माणसाच्या टाळ्या आल्या. आत्या. लोक वळून बघू लागले तरी ती थांबली नाही. तो उठून उभा राहिला.

“जुना रिवाज आहे,” तो लोकांना म्हणाला. आवाज थोडा कापत होता. “भाग आवडला तर तो पुन्हा वाजवायचा. आम्ही पुन्हा वाजवतो.”

आता सगळ्यांनीच टाळ्या दिल्या. या खेपेला त्याने साध्या जागा फुलवल्या, दोन सुरांच्या मध्ये छोटे छोटे सूर पेरले. तो इतका हळुवार वाजवत होता की तिनेही गज हलका केला. तो लांब सूर जवळ आला. त्याचा डावा हात थांबला. तो आशेने तिच्याकडे बघत होता.

तिने सूर लावला. सरळ, स्वच्छ. बोट तसूभरही हलवलं नाही.

त्याचा चेहरा पडला. तरी भाग त्याने नीट शेवटाला नेला, आणि तिसराही. लोक उठून दाद देत होते, दोघं वाकून नमस्कार करत होते, तेव्हा ओठ न हलवता त्याने विचारलं, “दुसऱ्यांदा का नाही?”

“एकदा सांगितलं की झालं.”

“म्हणजे ते... खरंच...”

“पाळी तुझी होती. एवढे दागिने चढवलेस, पण मुद्द्याचं काय?”

ते पडद्यामागे आले. बाहेर टाळ्या चालूच होत्या. त्याने रुमाल काढला, पुन्हा खिशात ठेवला.

“सांगितलं ना तुला, माझा सूर थरथरवता येत नाही.”

“म्हणून तोंड दिलंय देवाने. आत्याला विचार.”

तो हसला. मग हसू मावळलं आणि त्याने तिचा डावा हात हातात घेतला. आतड्याच्या तारांनी त्या बोटांवर उमटलेल्या रेघांवरून त्याचा अंगठा फिरला.

“माझं तुझ्यावर प्रेम आहे,” तो म्हणाला. “तार तुटली त्या दिवसापासून. गाडी उद्या निघणार नाही. आणि निघेल तेव्हा पुढची सीट तुझी.”

तिने हाताकडे पाहिलं. थरथर होती, आणि या वेळी तिच्या बोटांची नव्हती.